‘तिथे काय करतात?’ : बालवर्गातल्या मुलांना रोजच्या जागा खेळातून शिकवताना

बालवर्गाच्या भिंतीवर ‘आपला परिसर’ नावाचा एक तक्ता असतो. दवाखाना, पोस्ट, दुकान, बाग, बसथांबा. चित्रावर बोट ठेवलं की मुलं नाव घेतात, आणि सगळी नावं आली की पाठ झाला असं आपण धरून चालतो. मीही बरीच वर्षं तसंच धरत होते. मग एकदा साडेतीन वर्षांच्या एका मुलीने ठोकळ्यांच्या कोपऱ्यात पाच बाहुल्या ओळीने बसवल्या आणि शेवटी स्वतःही मांडी घालून बसली. बराच वेळ काहीच घडेना. ‘‘काय चाललंय?’’ असं विचारलं, तर म्हणाली, ‘‘दवाखाना. आपला नंबर नाही आला अजून.’’

तक्त्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर होते, टेबल होतं, खाट होती. हिच्या दवाखान्यात वाट बघणं होतं, आणि ते तिने अचूक टिपलं होतं.

या वयाच्या मुलाला जागा कळते ती तिथे घडणाऱ्या गोष्टींमधून. आधी काय होतं, मग काय होतं, कोण कुणाला काय देतं, कुठे थांबायचं, कधी निघायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅथरिन नेल्सन यांनी लहान मुलांना रोजच्या घटनांबद्दल ‘तिथे गेल्यावर काय काय होतं?’ असं विचारून पाहिलं, तेव्हा तीन वर्षांची मुलंही घटनांचा क्रम बऱ्यापैकी नीट सांगत होती. क्रम त्यांच्या डोक्यात असतोच. त्याला शब्द आणि अर्थ द्यायचं काम आपलं आहे, आणि त्यासाठी खेळाइतकं चांगलं साधन मला तरी दुसरं सापडलेलं नाही. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर मी एकाच प्रश्नाकडे परत येणार आहे : तिथे काय करतात?

जागा निवडताना

सुरुवात घरापासून करा. घर हीसुद्धा एक जागाच आहे, आणि घर-घर खेळताना मूल ‘मी दुसरं कुणीतरी आहे’ हे सहज मान्य करतं. तो सराव झाला की घराबाहेरची पहिली जागा घ्या. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने ती गेल्या महिन्या-दोन महिन्यांत प्रत्यक्ष पाहिलेली असावी, एवढीच अट. बहुतेक ठिकाणी ती दुकान किंवा दवाखाना असते. त्यानंतर बस, वाचनालय, केस कापायचं दुकान, पोस्ट. विमानतळ आणि अग्निशमन केंद्र मोठ्यांना आकर्षक वाटतात, पण मुलाने ते कधी पाहिलंच नसेल तर खेळ दहा मिनिटांत नुसत्या पळापळीवर येतो. ते नंतर.

एक गोष्ट मात्र आधीच पालकांशी बोलून घ्या. ‘रडलास तर डॉक्टर सुई टोचतील’, ‘ऐकलं नाहीस तर पोलीस घेऊन जातील’ ही वाक्यं घरात चालू असतील, तर ती जागा मुलाच्या मनात शिक्षेची जागा होऊन बसते आणि आपण मांडलेला कोपरा ते लांबूनच बघत राहतं. मी पालकसभेत हे हात जोडून सांगते. ज्यांच्याकडे मदत मागायची तीच माणसं धाक म्हणून वापरली, तर संकटात ते मूल त्यांच्याकडे जाईल कसं? नुकतंच आजारपण किंवा घरातलं एखादं दुःख अनुभवलेलं मूल वर्गात असेल, तर त्याच्या आईवडिलांना विचारूनच दवाखाना घ्यायचा की थांबायचं ते ठरवा.

प्रत्यक्ष भेट

मुलांना नेण्याआधी एकदा एकट्या जा आणि तिथे गुडघ्यांवर बसून बघा. तीन-चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ ते १०५ सेंटीमीटर असते, म्हणजे बहुतेक काउंटर त्याच्या डोळ्यांच्या वर जातात. आपल्याला काउंटरवर माणूस, कागद, यंत्र, पैशांची पेटी दिसते. त्याला लाकडाची फळी दिसते. म्हणून तिथल्या लोकांशी आधी बोलून एकच विनंती करा : पाच मिनिटं मुलांना काउंटरच्या आतल्या बाजूला येऊ द्या. आतून खण उघडताना, शिक्का उमटताना, पुस्तक कपाटात परत ठेवताना दिसलं, की अर्धा पाठ तिथेच होतो.

पाच-सहा मुलांचा गट बरा. पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाली. माहिती सांगत सुटू नका. मुलांना निघण्यापूर्वी एकच काम द्या : ‘‘तिथे कोण काय करतंय ते बघून यायचं.’’ फोटो काढायचे तर हातांचे आणि वस्तूंचे काढा, आणि कशाचा काढायचा ते मुलांना बोट दाखवून सांगू द्या. एका भेटीत मुलांनी वाचनालयातल्या पुस्तकांच्या ढकलगाडीचं एक चाक मला तीनदा टिपायला लावलं. ते चाक कर्रकर्र वाजत होतं, आणि पुढचे दोन आठवडे आमच्या वर्गातली ढकलगाडी तोंडाने तसाच आवाज काढत फिरली. निघताना एखादी खरी वस्तू मागून आणा : कोरा अर्ज, वापरलेलं तिकीट, जुनी पिशवी, पत्ता लिहिलेला रिकामा लिफाफा.

भेट शक्य नसेल तर तिथे काम करणाऱ्या एखाद्या पालकाला त्याच्या कामाच्या वस्तू घेऊन वर्गात बोलवा. भाषण नको. पोस्टात काम करणाऱ्या आईने वीस पत्रं मुलांसमोर वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावून दाखवली तरी पुरे.

परत आल्यावर

त्याच दिवशी, आठवण ताजी असताना, गोल करून बसा. ‘‘आधी काय झालं?’’ आणि ‘‘मग?’’ एवढे दोनच शब्दप्रयोग वापरायचे. मुलं सांगतील तसं साध्या रेघांचं चित्र काढत जा, चार किंवा पाच चित्रं. ती दोरीवर चिमट्यांनी लावा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन चित्रांची अदलाबदल करून ठेवा आणि गप्प बसा. ‘‘आधी औषध आणि मग तपासणी? असं नसतं!’’ अशी ओरड झाली की क्रम पक्का झाला समजा.

मुलांनी सांगितलेल्या पायऱ्या आपल्याला फालतू वाटल्या तरी वगळू नका. आमच्या दवाखान्याच्या दोरीवर पहिलं चित्र चपलांचं होतं. मला तिथे ‘डॉक्टर’ हवे होते, मुलांना चपला हव्या होत्या. चपला बाहेर काढणं हाच त्यांच्यासाठी आत जाण्याचा क्षण होता.

कोपरा मांडणे

जागा कुठे सुरू होते हे आधी ठरवा. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ, दोन खुर्च्यांमधली फट किंवा वर टांगलेला पडदा, काहीही चालेल, पण आत येण्याची वाट हवी. दार नसलं की मुलं सगळीकडून शिरतात आणि ‘आत’ असं काही उरत नाही. दाराच्या आत तीन भाग : थांबायची जागा, देण्याघेण्याची जागा, आणि मुख्य काम होतं ती जागा. दवाखान्यात बाक, नावं लिहायचं टेबल आणि तपासायची गादी. वाचनालयात पुस्तकं परत देण्याचं टेबल, कपाट आणि वाचायची सतरंजी. बसमध्ये थांबा, तिकीट आणि आसनं. हा तिहेरी आराखडा बहुतेक जागांना लागू पडतो.

सगळं सजवून देऊ नका. अर्धी मांडणी तुमची, अर्धी मुलांची. पाटी त्यांनीच लिहायची, अक्षरं येत नसली तरी. ‘‘ही पाटी काय सांगते?’’ असं विचारून त्यांचं उत्तर खाली लहान अक्षरांत लिहा. ‘लिहिलेलं असतं म्हणून लोकांना कळतं’ हे मुलाला इथे पहिल्यांदा जाणवतं.

वस्तू शक्यतो खऱ्या द्या : बंद पडलेला फोन, शिक्का आणि शाईची गादी, खऱ्या वह्या, जुना कीबोर्ड. ज्या वस्तूवरून सगळा खेळ चालतो ती दोन-तीन हवीत. तीन वर्षांची मुलं बरेचदा एकमेकांबरोबर न खेळता एकमेकांच्या शेजारी खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळातल्या सहभागाचे प्रकार नोंदवताना या शेजारी-शेजारी खेळण्याला वेगळं नाव दिलं होतं. एकच स्टेथोस्कोप ठेवलात तर सकाळ भांडण सोडवण्यात जाईल. तीन ठेवा, तीन डॉक्टर बसू देत. एकाच दवाखान्यात तीन डॉक्टर असतातच की.

सुरक्षिततेचं थोडं तपशिलात सांगते, कारण इथे घाई चालत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले लहान भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात पूर्ण बसणारी वस्तू घशात अडकू शकते. बालवर्गातली मुलं तीन वर्षांची झालेली असली तरी तीच कसोटी लावा. कागदी रुमालाच्या गुंडाळीची आतली पुठ्ठ्याची नळी याहून थोडी रुंद असते. तिच्यातून जी वस्तू आरपार जाईल ती कोपऱ्यात नको. जुने फोन, रिमोट, घड्याळं देण्याआधी त्यांतल्या बॅटऱ्या काढा. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. औषधांची खरी पाकिटं, रिकामीसुद्धा, ठेवू नका. खेळातली गोळी आणि घरातली गोळी यांत मुलाची गल्लत होता कामा नये, म्हणून औषधं पुठ्ठ्याची करा. प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी कापडी द्या. टोप्या एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातात आणि त्यांच्याबरोबर उवाही जाऊ शकतात. गळ्यात घालायच्या दोरीच्या ओळखपत्रांऐवजी कपड्याला चिकटणारी पट्टी लावा.

खेळात शिरताना

बहुतेक वर्गांमध्ये गाडी इथे अडते. कोपरा सुंदर असतो, आणि मुलं त्यात वस्तू फेकत असतात. मग आपण ‘मुलांना खेळता येत नाही’ म्हणून आवरून ठेवतो.

इस्रायलमधल्या सारा स्मिलान्स्की यांनी नेमका हाच प्रश्न हाताळला आणि १९६८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मुलांना भेटी, गप्पा आणि वस्तू दिल्या, काहींच्या खेळात मोठ्या माणसांनी शिरून कसं खेळायचं ते दाखवलं, आणि काहींना दोन्ही मिळालं. नुसत्या भेटी आणि वस्तूंनी खेळ फारसा सुधारला नाही. मोठे खेळात शिरले तिथे सुधारला, आणि दोन्ही मिळालं तिथे सर्वांत जास्त. मला या निष्कर्षाने धीर दिला. मुलांमध्ये काही कमी नव्हतं, मीच बाहेर उभी होते.

तर आत शिरा, पण गरजू माणूस म्हणून. डॉक्टर होऊ नका, पेशंट व्हा. दुकानदार होऊ नका, गिऱ्हाईक व्हा. बाहुली छातीशी धरून दारात या आणि म्हणा, ‘‘आमच्या बाळाचा कान रात्रभर दुखतोय. कुणाला दाखवायचं?’’ मग थांबा. खरंच थांबा, मनात दहापर्यंत मोजा. कुणीतरी बाकाकडे बोट दाखवेल. बसा. अजून कुणी विचारलं नाही तर हळूच म्हणा, ‘‘नाव लिहून घेता का?’’ एवढ्याने खेळाला धागा मिळतो. तीन-चार मिनिटांनी ‘‘बरं, येते मी, पुन्हा दाखवायला कधी येऊ?’’ असं म्हणून बाहेर पडा आणि लांबून बघा.

खेळाच्या मधे परीक्षा घेऊ नका. ‘‘या बाटल्या किती आहेत? हा रंग कोणता?’’ असं विचारलं की मूल लगेच डॉक्टर राहत नाही, ते विद्यार्थी होतं. तेच मोजणं खेळातून येऊ शकतं : ‘‘सकाळी एक आणि रात्री एक, तर दोन दिवसांना मला किती गोळ्या लागतील?’’ या प्रश्नाचं उत्तर पेशंटला खरंच हवं असतं. चुका सुधारण्याचंही तसंच. वाचनालयात कुणी ‘‘पुस्तक विकत घ्या’’ म्हणालं, तर ‘‘विकत नको हो, वाचून परत देईन’’ असं आपल्या भूमिकेतूनच बोला. परत देणं, उसनं घेणं, रांग, पावती, पाळी, सुट्टे पैसे हे शब्द अशा वाक्यांत बसून येतात तेव्हाच टिकतात.

भूमिका वाटून देऊ नका, पण रोज तीच दोन मुलं डॉक्टर होत असतील तर नवं काम निर्माण करा : आता दवाखान्याला रुग्णवाहिकाचालक हवाय, फोन घेणारा हवाय. मुली नर्स आणि मुलगे डॉक्टर अशी वाटणी आपोआप होऊ लागली, तर तुम्हीच ‘‘डॉक्टरताई आहेत का?’’ असं विचारत आत या.

अबोल मुलांसाठी बोलावं लागत नाही अशी कामं हवीतच. आमच्या वाचनालयात एक मुलगा चार दिवस फक्त शिक्का मारत होता. पुस्तक पुढे आलं की ठप्प, पुढचं आलं की ठप्प. मान खाली, नजर शाईवर. मी त्याला बोलतं करण्याचा प्रयत्न केला नाही, फक्त रोज माझं पुस्तक त्याच्याकडेच नेलं. पाचव्या दिवशी रांग लागलेली असताना त्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, ‘‘थांबा. शाई संपली.’’ त्या वर्गात मी ऐकलेलं त्याचं ते पहिलं पूर्ण वाक्य.

अडचण आणा

चौथ्या-पाचव्या दिवशी खेळ त्याच त्याच वळणावर फिरू लागतो. तेव्हा एखादी छोटी अडचण घेऊन या. घेतलेलं पुस्तक फाटलं. बस बंद पडली. दुकानात हवी ती वस्तू नाही. पत्रावर पत्ताच नाही. ‘‘आता काय करायचं?’’ एवढंच विचारा. पत्ता नसलेल्या पत्राचं काय करायचं यावर आमच्याकडे एक मूल म्हणालं, ‘‘सगळ्यांना विचारायचं, तुमचं आहे का?’’ आणि ते खरंच पत्र घेऊन शाळाभर फिरलं. पत्ता कशासाठी असतो, हे समजवायला त्यानंतर मला काहीही बोलावं लागलं नाही.

ठोकळे, रस्ता, नकाशा

मोठा कोपरा चांगला रुळल्यावरच लहान प्रतिकृतीकडे वळा. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांनी १९८७ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत खेळणं कुठे लपवलं ते मुलांना दाखवायचं आणि मग खऱ्या खोलीत त्याच जागी लपवलेलं मोठं खेळणं शोधायला सांगायचं. तीन वर्षांच्या मुलांना ते जमत होतं, अडीच वर्षांच्या बहुतेकांना जमत नव्हतं. सहा महिन्यांत एवढा फरक. म्हणून टेबलावरचं छोटं गाव पाहून एखादं लहानगं नुसती गाडी ढकलत बसलं, तर त्याला ढकलू द्या. हे खेळण्यातलं दुकान म्हणजे ‘ते’ दुकान, ही उडी त्याने अजून घेतलेली नाही.

ज्यांनी घेतली आहे त्यांना ठोकळे द्या. न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट यांनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या शाळेत मुलं परिसर हिंडून यायची आणि पाहिलेलं ठोकळ्यांनी उभं करायची. जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात असलेले त्यांचे साधे लाकडी ठोकळे अजून जगभर वापरले जातात. रंगीत दारं-खिडक्या काढलेले ठोकळे लागत नाहीत. साधा ठोकळा दवाखानाही होतो आणि बसही.

मग जागा एकमेकांना जोडा. दवाखान्यातून औषधाच्या दुकानात जायचं तर रस्ता हवा. जमिनीवर खडूने रस्ता काढा, मुलांना त्यावरून चालवा, वळण आलं की ‘‘आता कुठल्या हाताला?’’ विचारा. कागदावरचा नकाशा नंतर. पायाखालचा नकाशा आधी कळतो.

वेळ किती

एका जागेला दोन ते तीन आठवडे द्या, आणि रोज सलग चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. कोण कोण व्हायचं हे ठरवण्यातच मुलांची पहिली दहा-पंधरा मिनिटं जातात. पंधरा मिनिटांचा तास ठेवला तर खेळ सुरू होण्याच्या क्षणी आवरायची घंटा वाजते. वेळापत्रकात दुसरं काही कमी करावं लागलं तरी चालेल.

घरी करायचं असेल तर एवढा पसारा लागत नाही. चार खुर्च्या एकामागे एक ठेवल्या की बस होते. उद्या केस कापायला जायचं असेल तर आज आरशासमोर बाहुलीच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळा आणि बोटांची कात्री चालवा. दुसऱ्या दिवशी खऱ्या खुर्चीत बसताना पुढे काय होणार हे मुलाला माहीत असतं.

काय टिपायचं

वहीत प्रत्येक मुलासाठी आठवड्याला दोन-तीन ओळी पुरतात. किती जागांची नावं आली हे लिहू नका. मूल तिथल्या किती वेगवेगळ्या माणसांची कामं दाखवतं, क्रम पाळतं का, दुसऱ्याच्या बोलण्याला धरून बोलतं का, एका जागेतला शब्द दुसऱ्या जागेत वापरतं का, हे लिहा. आमच्या दुकानात एका मुलीने अचानक ‘‘नंबर घ्या आणि बसा’’ म्हटलं, तेव्हा तिने दवाखान्यातली रीत दुकानात आणली होती. तारीख घालून तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. पालकांना दाखवायला याहून चांगलं प्रगतिपुस्तक नाही.

कोपरा मोडायची वेळ कशी ओळखायची? दोन दिवस कुणी आपणहून तिकडे फिरकलं नाही, तर. रात्रीतून गुपचूप मोडू नका. मुलांना सांगा की शुक्रवारी दवाखाना बंद होणार, शेवटचे पेशंट तपासून घ्या. वस्तू मुलांच्याच हातांनी एका खोक्यात भरा, वर त्या जागेचं चित्र चिकटवा आणि खोकं त्यांच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवा. दोन महिन्यांनी कुणीतरी ते स्वतःहून काढेल, आणि तेव्हाचा खेळ पहिल्यापेक्षा खूप वेगळा असेल. पाटी उतरवायचं काम मात्र ज्याने ती लिहिली त्यालाच द्या.